धर्मकार्यासाठी देणगी : पेडणे-डिचोलीतील दाते आणि संस्थांसाठी मार्गदर्शन

धर्मसंस्थेला दिलेल्या देणगीमागे श्रद्धा असते आणि श्रद्धेपोटी दिलेल्या पैशाचा हिशेब विचारणे अनेकांना अप्रशस्त वाटते. परंतु ज्या कार्यासाठी पैसा दिला त्याच कार्यावर तो खर्च झाला की नाही हे पाहणे हा अश्रद्धेचा भाग नसून दात्याच्या कर्तव्याचाच उत्तरार्ध आहे. हे कर्तव्य पेडणे आणि डिचोली तालुक्यांत आज अधिक जबाबदारीचे झाले आहे. मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ रोजी उड्डाणे सुरू झाली, भोवतालच्या जमिनींना नवे मोल आले, हरमल-मांद्रे-मोरजीच्या किनाऱ्यावर परदेशी पाहुण्यांचा वावर पूर्वीपासून होताच, आणि आखातात वा युरोपात स्थायिक झालेली गावची माणसे जत्रेला, फेस्ताला, जीर्णोद्धाराला हात सैल सोडून पैसे पाठवू लागली. अशा वेळी देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला नियमांची नेमकी माहिती असणे अगत्याचे आहे.

या लेखाचे प्रतिपादन एकच आहे : धर्मकार्यासाठी दिलेल्या प्रत्येक रुपयाचा उद्देश देतानाच लिहिला जावा आणि त्या उद्देशाचा हिशेब वेगळा ठेवला जावा. पुढील सर्व सूचना या एका तत्त्वातून निघतात.

तीन कार्ये, तीन खाती

‘धर्मकार्य’ या एका शब्दात व्यवहारतः तीन निरनिराळी कार्ये येतात. पहिले कार्य उपासनेचे असून त्यात नित्यपूजा, प्रार्थना, पुजारी, भट, कीर्तनकार किंवा पाद्री यांचा योगक्षेम, वृद्ध धर्मसेवकांचा सांभाळ आणि वास्तूची निगा यांचा समावेश होतो. दुसरे कार्य धर्मप्रसाराचे, म्हणजे प्रवचने, धर्मशिक्षणाचे वर्ग, ग्रंथप्रकाशन, दूरच्या गावी प्रचारक पाठवणे आणि नव्या माणसांपर्यंत धर्माचा विचार पोहोचवणे. तिसरे कार्य लोकसेवेचे. शाळा, दवाखाने, वसतिगृहे, अन्नदान, आपत्तीतील मदत ही त्याची परिचित रूपे होत. रामकृष्ण मिशन असो, पिलारचा मिशनरी संघ असो वा गावातील मठ असो, बहुतेक संस्था ही तिन्ही कार्ये एकाच छत्राखाली करतात आणि त्यात गैर काही नाही. अडचण तेव्हा उद्भवते, जेव्हा दाता एका कार्यासाठी पैसे देतो आणि संस्था ते दुसऱ्यासाठी वापरते, किंवा दोघांनीही हा प्रश्न मोघम ठेवलेला असतो.

मोघमपणाचा परिणाम किती दूरवर जातो याचा मराठी समाजाने अनुभवलेला दाखला पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाचा आहे. विधवा आणि निराधार स्त्रियांच्या शिक्षणासाठी रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत हे सदन सुरू केले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. त्याचा खर्च बोस्टनमध्ये १८८७ साली स्थापन झालेली रमाबाई असोसिएशन उचलत असे आणि सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही, धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ राहील, ही भूमिका जाहीर होती. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या, त्यांची प्रार्थना उघड्या दाराने चाले आणि काही मुली तेथे बसू लागल्या. ही वैयक्तिक उपासना मानायची की संस्थेचे धर्मकार्य, यावरून वाद पेटला आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांसारखे स्थानिक सल्लागार बाजूला झाले. कोणाचाही प्रामाणिकपणा संशयास्पद नसताना संस्थेला समाजाचा आधार गमवावा लागला, कारण चालकांची उपासना कोठे संपते आणि सदनाचे काम कोठे सुरू होते याची रेषा दोन्ही बाजूंना मान्य होईल अशी आखलेली नव्हती. पुढे केडगावच्या मुक्ती सदनाला रमाबाईंनी उघडपणे ख्रिस्ती स्वरूप दिले, तेव्हा देणगी कशासाठी आहे हे देणाऱ्याला आधीच ठाऊक असे.

गोव्याच्या इतिहासाने दिलेले धडे

धर्मकार्याचा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न गोव्यात पुरातन आहे. गावकरीच्या, म्हणजे पुढे ‘कोमुनिदाद’ म्हणून ओळखल्या गेलेल्या ग्रामसंस्थेच्या, सामायिक उत्पन्नातून देवळातील दिवाबत्ती, पूजा आणि उत्सव चालत. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या ताब्यातील तिसवाडी, बार्देश व सासष्टी या मुलखात, म्हणजे ‘जुन्या काबिजादीं’त, देवळे पाडली गेली आणि त्यांच्या जमिनींचे उत्पन्न चर्च आणि मिशनरी संघांकडे वळवले गेले. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर त्या काळात डिचोलीतील नार्वे येथे आला आणि १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथील मंदिराचा जीर्णोद्धार करविला. डिचोली, सत्तरी व पेडणे हे मुलूख पोर्तुगिजांकडे आले ते १७८१ ते १७८८ या काळात. तोवर बळजबरीच्या धर्मांतराचा काळ सरला होता, म्हणून या ‘नव्या काबिजादीं’तील देवस्थाने, त्यांचे महाजन आणि त्यांच्या जमिनी बऱ्याच अंशी टिकून राहिल्या. पेडण्याची पुनव किंवा शिरगावच्या लईराईची जत्रा ही त्या अखंड परंपरेची जिवंत रूपे आहेत.

ख्रिस्ती धर्मप्रसाराचा खर्च ‘पाद्रोआदो’ या व्यवस्थेखाली होत असे. पोपने पोर्तुगालच्या राजाला दिलेल्या या अधिकारानुसार मिशनऱ्यांचा प्रवास, चर्चची बांधणी आणि धर्मगुरूंचे वेतन यांचा भार राजसत्तेने वाहायचा आणि त्या बदल्यात नेमणुकांत राजाचा शब्द चालायचा. सत्तेच्या तिजोरीवर उभे राहिलेले कार्य सत्तेच्या मर्जीबरोबर कोसळते, हे पुढे दिसले : १७५९ मध्ये जेझुइटांना पोर्तुगीज प्रदेशातून हद्दपार करण्यात आले आणि १८३४-३५ मध्ये उरलेले धर्मसंघही बरखास्त झाले. याउलट बाणावलीत जन्मलेले संत जुझे वाझ (१६५१-१७११) राजसत्तेच्या पाठबळाविना श्रीलंकेत गेले, डचांच्या बंदीच्या काळात गुप्तपणे हिंडून त्यांनी तेथील श्रद्धावंतांची सेवा केली आणि गोव्यातील ऑरेटरी या स्थानिक धर्मगुरूंच्या संघाने त्यांच्यामागून आणखी माणसे पाठवली. १८८७ मध्ये आगशी येथे स्थापन झालेला आणि पुढे पिलार येथे केंद्र असलेला मिशनरी संघही गोमंतकीय भूमीतूनच उभा राहिला.

लहान देणगीदारांच्या बळावर कार्य कसे टिकते, याचे जगभर मान्य झालेले उदाहरण फ्रान्समधील लियाँ शहराचे आहे. तेथे पोलिन जारिको या तरुणीने गिरणीकामगारांकडून दर आठवड्याला एक ‘सू’, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणे, गोळा करण्याची पद्धत बसवली आणि तिच्यातून १८२२ मध्ये धर्मप्रसाराला साहाय्य करणारी संस्था उभी राहिली. कॅथलिक चर्चमध्ये ऑक्टोबरच्या शेवटून दुसऱ्या रविवारी मिशनकार्यासाठी होणारे संकलन त्याच परंपरेतले आहे. हिंदू समाजातही देणगीवर चाललेले धर्मप्रसाराचे कार्य गोव्याने पाहिले आहे. १९२८ मध्ये मसुराश्रमाचे विनायक महाराज मसुरकर यांनी गावडा समाजातील हजारो ख्रिस्ती लोकांना शुद्धी करून हिंदू धर्मात घेतले; मात्र शुद्धीनंतरही तो समाज ‘नवहिंदू गावडा’ या वेगळ्या नावानेच ओळखला जात राहिला. धर्मप्रसाराला पैसा देणाऱ्याने समारंभाच्या खर्चाबरोबर त्यानंतरच्या अनेक वर्षांच्या सांभाळाचाही विचार करावा, असे या घटनेवरून दिसते.

संस्थेचे कायदेशीर रूप ओळखणे

देणगी देण्यापूर्वी संस्था कोणत्या कायद्याखाली उभी आहे हे समजून घेणे ही पहिली पायरी होय. मोपाच्या सीमेपलीकडे सिंधुदुर्ग जिल्हा लागतो आणि पेडण्यातील अनेक कुटुंबे आरवलीच्या वेतोबाला किंवा रेडीच्या माउलीला नेमाने जातात. तेथील देवस्थानांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू आहे. त्यांची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात असते आणि नोंदणी क्रमांकावरून विश्वस्तांची नावे व मालमत्ता पाहता येते. हा कायदा गोव्याला लागू नाही आणि गोव्यात धर्मादाय आयुक्त हे पदही नाही. म्हणून सीमेच्या एका बाजूला जो प्रश्न विचारायचा तोच दुसऱ्या बाजूला विचारून भागत नाही.

गोव्यातील जुनी हिंदू देवस्थाने १९३३ च्या ‘मझानी’ कायद्याखाली, म्हणजे पोर्तुगीज काळातील देवस्थान नियमावलीखाली चालतात. महाजन म्हणजे देवस्थानाच्या नोंदवहीत ज्यांच्या घराण्यांची नावे आहेत असे हक्कदार; ते ठरावीक मुदतीने समिती निवडतात, तिच्यात अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि मुखत्यार असतात, आणि तालुक्याचा मामलेदार देवस्थान प्रशासक या नात्याने अंदाजपत्रक व हिशेब यांवर देखरेख करतो. अशा देवस्थानाच्या बाबतीत दात्याने समिती सध्याची आणि मान्यताप्राप्त आहे का, महाजनांत वाद चालू असून प्रशासनाने कारभार हाती घेतला आहे का, याची चौकशी मामलेदार कार्यालयात करावी. वाद चालू असताना एखाद्या गटाच्या हाती पैसे देणे टाळावे.

चर्चच्या मालमत्तेचा आणि वास्तूचा कारभार पाहणाऱ्या मंडळाला गोव्यात ‘फाब्रिक’ म्हणतात आणि फेस्त, प्रार्थना व परस्परसाहाय्य यांसाठी असलेल्या भाविकांच्या बांधवमंडळाला ‘कॉन्फ्रारिया’ म्हणतात; दोन्हींचे हिशेब वेगळे असतात आणि ती आर्चडायोसिसच्या देखरेखीखाली येतात. फेस्ताची देणगी कॉन्फ्रारियाला द्यायची की छपराच्या दुरुस्तीसाठी फाब्रिककडे द्यायची, हे आधी ठरवावे.

उरलेले मठ, भजनी मंडळे, कीर्तनसंस्था, नवी प्रार्थनामंडळे आणि मशिदींच्या काही समित्या बहुधा सोसायटी नोंदणी कायदा, १८६० खाली किंवा नोंदणीकृत न्यासपत्राने स्थापन झालेल्या असतात. सोसायटीला किमान ७ सदस्य लागतात आणि वार्षिक सभेनंतर कार्यकारिणीची यादी निबंधकाकडे दाखल करावी लागते. नोंदणीचा दाखला एकदा मिळाला म्हणजे संस्था कायमची सचोटीची ठरत नाही; शेवटची यादी आणि शेवटचा लेखापरीक्षण अहवाल कोणत्या वर्षाचा आहे, हेच खरे विचारण्याजोगे असते. ज्या मंडळाची कोठेच नोंद नाही आणि जे एखाद्या व्यक्तीच्या खात्यावर पैसे मागते, त्याला देणगी न देणे श्रेयस्कर.

पावती कशी असावी

एखाद्या गृहस्थाने वृद्ध कीर्तनकारांच्या मानधनासाठी ५,००० रुपये दिले आणि त्याला मिळालेल्या पावतीवर ‘देणगी’ एवढाच शब्द असला, तर त्या पैशातून मंडपाचे भाडे दिले गेले तरी त्याला तक्रार करण्यास आधार उरत नाही. त्याच पावतीवर ‘वृद्ध कीर्तनकार साहाय्य निधीसाठी, चालू वर्षात खर्च करण्याकरिता’ असे लिहिले असते, तर खजिनदाराला ती रक्कम त्या खात्यावर दाखवावीच लागली असती आणि वर्षअखेर शिल्लक का राहिली याचे उत्तरही द्यावे लागले असते. म्हणून पावतीवर संस्थेचे पूर्ण नाव व नोंदणी क्रमांक, अनुक्रमांक, तारीख, दात्याचे नाव व पत्ता, रक्कम अंकी व अक्षरी, देण्याची पद्धत आणि उद्देश या सर्व नोंदी असाव्यात. मूळ रक्कम कायम ठेवून केवळ व्याज वापरावे अशी दात्याची इच्छा असेल तर ‘मूळ निधीसाठी’ असा उल्लेख असावा आणि त्यासोबत दात्याचे स्वतंत्र पत्र जोडावे, कारण आयकर कायद्यात मूळ निधीच्या देणगीला वेगळी वागणूक असून ती विहित प्रकारेच गुंतवावी लागते.

फंडपेटीतील पैसा निनावी असतो, म्हणून तेथे काटेकोर पद्धतीला अधिक महत्त्व आहे. पेटीला दोन कुलपे असावीत व त्यांच्या किल्ल्या दोन निरनिराळ्या पदाधिकाऱ्यांकडे राहाव्यात. पेटी ठरलेल्या दिवशी, महाजन किंवा भाविकांपैकी दोघांच्या समक्ष उघडावी, नोटा व नाणी मोजून दर्शनी किमतीनुसार तक्ता करावा, परकीय चलन आढळल्यास त्याची वेगळी नोंद करावी, सर्वांच्या सह्या घ्याव्यात आणि रक्कम त्याच किंवा पुढच्या कामकाजाच्या दिवशी बँकेत भरावी. मोजणीतून तेथल्या तेथे बिले भागवण्याची सवय पूर्णपणे सोडावी, कारण जमा रकमेची नोंद होण्यापूर्वीच खर्च झाला तर हिशेब तपासणे कोणालाच शक्य होत नाही.

करसवलतीसंबंधी सावधगिरी

‘देणगीवर करसवलत मिळेल’ हे आश्वासन धर्मसंस्थांच्या बाबतीत अनेकदा अपुऱ्या माहितीवर दिले जाते. आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम ८०जी नुसार सवलत मूलतः लोकसेवेच्या संस्थांना दिलेल्या देणगीवर आहे. निव्वळ धार्मिक संस्थेला ती मान्यता मिळत नाही आणि मान्यता असलेल्या संस्थेलाही आपल्या वार्षिक उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंतच रक्कम धार्मिक कार्यावर खर्च करता येते. अपवाद आहे तो केंद्र सरकारने ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्वाचे म्हणून अधिसूचित केलेल्या मंदिर, मशीद, गुरुद्वारा वा चर्चच्या दुरुस्ती व जीर्णोद्धाराचा. तेव्हा सवलत सांगणाऱ्या संस्थेकडे मान्यतेचा आदेश मागावा, त्याची मुदत पाहावी आणि आयकर खात्याच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी.

सवलतपात्र देणगीतही २,००० रुपयांहून अधिक रोख रकमेवर, तसेच धान्य, कपडे, बांधकामाचे साहित्य अशा वस्तुरूप देणगीवर वजावट मिळत नाही, आणि नवी करप्रणाली स्वीकारणाऱ्या करदात्याला या वजावटीचा लाभ नसतो. संस्थेला दात्यांचा तपशील आयकर खात्याला कळवून दात्याला विहित प्रमाणपत्र द्यावे लागते. ते हाती आल्याशिवाय विवरणपत्रात सवलत मागू नये. २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख रक्कम एका व्यक्तीकडून एका दिवसात वा एका प्रसंगासाठी स्वीकारणे कायद्याने निषिद्ध असून हा नियम धर्मसंस्थांनाही लागू आहे. निनावी देणग्यांच्या बाबतीत निव्वळ धार्मिक संस्थांना मोकळीक आहे, तर लोकसेवेच्या संस्थांना ठरावीक मर्यादेपलीकडील निनावी रकमेवर ३० टक्के कर भरावा लागतो. फंडपेटीचा पैसा आणि शाळा-दवाखान्याचा पैसा एकाच खात्यात मिसळू नये, याचे हेही एक कारण. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात. मोठ्या देणगीपूर्वी सनदी लेखापालाकडून त्या वर्षीची स्थिती समजून घ्यावी.

परदेशातून येणारा पैसा

गोव्यात सर्वाधिक चुका ज्या विषयात होऊ शकतात तो हा विषय आहे. परदेशी योगदान (नियमन) अधिनियम, २०१०, म्हणजे ‘एफसीआरए’, यानुसार परदेशी स्रोताकडून पैसा घेण्यासाठी संस्थेला केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. सांस्कृतिक, आर्थिक, शैक्षणिक, धार्मिक व सामाजिक अशा पाच प्रकारच्या कार्यांसाठी ही नोंदणी मिळू शकते, म्हणजे धार्मिक कार्याला परदेशी मदत निषिद्ध नाही. ती विनापरवाना घेणे मात्र गुन्हा आहे.

परदेशी स्रोत कोणता, हे चलनावरून ठरत नसून देणाऱ्याच्या नागरिकत्वावरून ठरते. दुबईत किंवा कुवेतमध्ये नोकरी करणारा आणि भारतीय पासपोर्ट बाळगणारा पेडणेकर आपल्या बचतीतून बँकेमार्फत देवस्थानाला पैसे पाठवतो, तेव्हा ते परदेशी योगदान ठरत नाही. संस्थेने त्याच्या पासपोर्टची प्रत दप्तरी ठेवावी एवढेच. परंतु ज्या गोमंतकीयाने पोर्तुगीज नागरिकत्व घेतले आहे, तो आता इंग्लंडमध्ये राहत असो किंवा सुट्टीला गावच्या घरी आलेला असो, त्याच्याकडे ‘ओसीआय’ कार्ड, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिक असल्याचे ओळखपत्र, असले आणि त्याने रुपयांत पैसे दिले, तरी कायद्याच्या दृष्टीने तो परदेशी स्रोत होतो. हरमलच्या किनाऱ्यावरील परदेशी पाहुण्याने मठाला किंवा चॅपेलला दिलेली नोटही याच व्याख्येत येते. आपुलकीने देणाऱ्या ग्रामबंधूला नकार देणे कठीण असते. तथापि नोंदणी नसलेल्या समितीने कारण समजावून नम्रपणे नकार द्यावा आणि त्याच्या भारतीय नागरिक असलेल्या नातेवाइकाच्या नावावर पावती फाडण्याची पळवाट काढू नये.

२०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणीकृत संस्थांनाही परदेशी पैसा प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावा लागतो, प्रशासकीय खर्च त्या पैशाच्या २० टक्क्यांपुढे नेता येत नाही आणि तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. पूर्वी मोठी संस्था परदेशी निधी मिळवून गावोगावच्या लहान मंडळांना वाटत असे, ती पद्धत त्यामुळे बंद झाली. आपल्याला ‘वरून’ निधी मिळेल असे सांगणाऱ्या मध्यस्थावर लहान मंडळांनी विश्वास ठेवू नये. परदेशी प्रचारकांच्या बाबतीतही मर्यादा आहे : पर्यटक व्हिसावर आलेल्या पाहुण्याला मंदिर वा चर्चमध्ये जाता येते, प्रवचन ऐकता येते, पण धर्मप्रचाराची भाषणे देण्यासाठी किंवा साहित्य वाटण्यासाठी त्याला स्वतंत्र मिशनरी व्हिसा लागतो, आणि ओसीआय कार्डधारकालाही अशा कार्यासाठी विशेष परवानगी घ्यावी लागते.

जमीन आणि मृत्युपत्र

जमिनीचे दान हे गोव्यातील धर्मसंस्थांना मिळणारे सर्वांत मोठे दान असते आणि वादही त्याच्यावरूनच होतात. गोव्यात वारसाहक्काचे नियम पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतील असून सध्या ते गोवा वारसाहक्क, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही अधिनियम, २०१२ मध्ये आहेत. त्यानुसार मुलेबाळे किंवा आईवडील यांसारखे सक्तीचे वारस असलेल्या व्यक्तीला आपल्या मालमत्तेच्या अर्ध्याच भागाची इच्छेप्रमाणे विल्हेवाट लावता येते. शिवाय विवाह सामायिक मालमत्तेच्या पद्धतीने झाला असल्यास निम्मी मालमत्ता जोडीदाराची असते. पती-पत्नीच्या नावे मिळून ४,००० चौरस मीटर जमीन असेल तर त्यातील २,००० पतीचे आणि त्याला मृत्युपत्राने मंदिराला वा चर्चला देता येतील ते १,००० चौरस मीटरच. हयातीत बक्षीसपत्र करायचे असल्यास जोडीदाराची संमती लागते, आणि दिलेला भाग मर्यादेहून अधिक ठरल्यास दात्याच्या निधनानंतर वारस तो कमी करून मागू शकतात. भावनेच्या भरात सर्व जमीन देवाला वाहणाऱ्या वृद्धाला समितीनेच हे समजावून सांगावे. पुढे त्याच्या मुलांशी कोर्टात उभे राहण्यापेक्षा ते दोघांच्याही हिताचे असते.

दान स्वीकारण्यापूर्वी संस्थेने ‘एक-चौदा’चा उतारा पाहावा व त्यावर कूळ किंवा मुंडकार यांची नोंद आहे का ते तपासावे, कारण १९६४ च्या कूळ कायद्याने आणि १९७५ च्या मुंडकार कायद्याने मिळालेले त्यांचे हक्क मालक बदलल्याने संपत नाहीत. भातशेतीच्या जमिनीच्या हस्तांतरणावर २०२३ च्या कायद्याने निर्बंध आणले आहेत, तर डिचोलीतील मये गावात स्थलांतरितांच्या मालमत्तेचा इतिहास असल्याने मालकी विशेष काळजीने पडताळावी लागते. रस्त्याच्या कडेला वा सरकारी जागेत नवी घुमटी किंवा खुरीस उभारण्यासाठी वर्गणी मागितली गेल्यास ती देऊ नये. सार्वजनिक जागांवर नवी अनधिकृत प्रार्थनास्थळे होऊ देऊ नयेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००९ पासूनचा आदेश आहे.

संस्थाचालकांची कर्तव्ये

संविधानाच्या अनुच्छेद २५ ने प्रत्येकाला धर्म पाळण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा अधिकार दिला आहे, तर अनुच्छेद २६ ने धार्मिक संप्रदायांना आपल्या संस्था चालवण्याचा. स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्पष्ट केले की, प्रसाराचा अधिकार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे मांडण्याचा अधिकार असून दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. बळ, फसवणूक किंवा प्रलोभन यांना त्यात स्थान नाही. एफसीआरए नोंदणीसाठीही प्रलोभनाने वा बळाने धर्मांतर घडवण्यात संस्था गुंतलेली नसावी, अशी अट आहे. म्हणून लोकसेवा करताना पाळावयाचा नियम साधा आहे : औषध, धान्य, शिष्यवृत्ती किंवा वसतिगृहातील जागा मिळवण्यासाठी प्रार्थनेला बसणे, नाव बदलणे किंवा आधीची पूजा सोडणे ही अट कधीही असू नये, आणि मदत घेणाऱ्यांच्या यादीत इतर धर्मांच्या गरजूंना मज्जाव नसावा. हा नियम हिंदू, ख्रिस्ती, मुस्लिम सर्व संस्थांना सारखाच लागू आहे. निराधार मुलांना ठेवून घेणाऱ्या संस्थेने बालन्याय अधिनियम, २०१५ खालील नोंदणीही घेतलेली असली पाहिजे.

पुजारी, कीर्तनकार, धर्मशिक्षक आणि सेवेकरी यांच्या योगक्षेमाकडे समित्यांचे दुर्लक्ष होऊ नये. सभामंडपाला संगमरवर बसवण्यासाठी देणगी सहज मिळते, कारण त्यावर दात्याचे नाव कोरता येते. पण ज्याच्या मुखातून उपासना होते त्याच्या आजारपणाची आणि म्हातारपणाची तरतूद कोणाच्या नावाने कोरली जात नाही. समितीने धर्मसेवकाचे मानधन ठरावाने निश्चित करावे, ते बँकेमार्फत द्यावे, आरोग्यविम्याचा हप्ता भरावा आणि वृद्धापकाळासाठी स्वतंत्र मूळ निधी उभारावा. दात्यांनीही आपल्या देणगीचा काही भाग या निधीसाठी आवर्जून राखून ठेवावा, कारण माणसांवाचून कोणतीही वास्तू धर्मकार्य करत नाही.

वार्षिक सभेत हिशेब वाचताना उपासना, धर्मप्रसार आणि लोकसेवा असे तीन स्वतंत्र तक्ते मांडावेत. प्रत्येकात मागील शिल्लक, जमा, खर्च आणि अखेरची शिल्लक असावी, आणि तो ताळेबंद देवळाच्या वा चर्चच्या फलकावर निदान महिनाभर लावावा. समितीतील कोणाच्या नात्यातील व्यक्तीला कंत्राट दिले असल्यास ते उघडपणे सांगावे आणि त्या ठरावाच्या वेळी संबंधिताने मत देऊ नये.

दात्याने विचारावयाचे प्रश्न

मोठी देणगी देण्यापूर्वी दात्याने पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत : संस्था कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे आणि सध्याची समिती कधी निवडून आली, शेवटच्या लेखापरीक्षित हिशेबाची प्रत मिळेल का, देणगी तिन्हींपैकी कोणत्या खात्यावर जाईल, ठरलेले काम झाले नाही किंवा पैसे उरले तर ते कोठे वळवले जातील, परदेशी पैसा येत असल्यास एफसीआरए नोंदणीची मुदत कधीपर्यंत आहे, आणि सेवेचा लाभ घेणाऱ्यांवर धार्मिक स्वरूपाची कोणती अट आहे का. प्रामाणिक संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही. एखाद्या लहान समितीजवळ सर्व उत्तरे तयार नसतील, तर तिला टाळण्याऐवजी हिशेबनीस, लेखापाल किंवा संगणक यांच्या खर्चासाठी देणगी देऊन ती व्यवस्था उभी करून देणे हेही धर्मकार्यच ठरते. जी संस्था प्रश्नांनाच अश्रद्धा म्हणते, तिच्याऐवजी गावात हिशेब देणारी दुसरी संस्था शोधावी आणि आपले दान तेथे, उद्देश लिहून, नेमाने द्यावे.